बार्व्ह, १:३५ : डोलारा चढला, साखळी मिळाली

मंडळी, माझ्या १:३५ प्रमाणातल्या बार्व्हच्या मॉडेलचा वरचा डोलारा अखेर हलवर (गाडीच्या मुख्य धडावर) कायमचा चिकटवला. टरेटची (तोफेच्या फिरत्या बुरुजाची) रिंग, चालकाची झाकणं, किटवाल्यांनी निगुतीने घडवलेला इंजिन-डेकचा बराचसा भाग, सगळं त्याखाली गेलं. इतकं सुबक काम झाकायचं जिवावर येतं खरं. पण ही गाडी करायची तर तिथूनच सुरुवात.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. बार्व्ह म्हणजे बीच आर्मर्ड रिकव्हरी व्हेइकल, किनाऱ्यावर अडकलेली वाहनं ओढून काढणारी चिलखती गाडी. शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याचा एम४ए२ हा प्रकार घ्यायचा, टरेट उतरवायचं, हलमधून पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी व्यवस्था करायची आणि वर नौकेच्या नाळेच्या आकाराचा उंच चिलखती डोलारा वेल्ड करायचा. ही गाडी नऊ फूट खोल पाण्यात काम करायची. ब्रिटिश सैन्याच्या 'रीमी' या यांत्रिकी दलाने ती घडवली आणि चालवलीही त्यांनीच. १९४४ सालच्या नॉर्मंडी मोहिमेत किनाऱ्यांवर अशा साठेक गाड्या होत्या. लाटांत बंद पडलेली, बुडालेली वाहनं ओढून किनारा मोकळा करायचा आणि वाळूत बसलेल्या छोट्या लँडिंग क्राफ्टना (सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांना) ढकलून परत पाण्यात घालायचं, हे तिचं काम. दुरुस्ती वगैरे नंतर, दुसऱ्यांनी बघायची.

दर मोठ्या सुट्टीत आपली पुणेकर मंडळी कोकणात वाळूवर एसयूव्ही उतरवतात, भरती चढते, गाडी रुतते आणि मग गावातला ट्रॅक्टर येतो. तेव्हा पाण्यात शिरून दोर कुणी बांधायचा यावर आधी बरीच चर्चा होते. बार्व्हवर त्या कामाला एक पाणबुड्याच नेमलेला असायचा. अडकलेल्या वाहनाला तो पाण्याखाली जाऊन साखळी लावायचा.

आपल्यातले बरेच जण एम३२ करतायत, म्हणजे शर्मनवरच बेतलेली अमेरिकन रिकव्हरी गाडी. ते मला कळतं: अठरा फुटी बूम, साठ हजार पौंडांची विंच, दोर, कप्प्या, आकडे, बघणाऱ्याला कुठे बघू नि कुठे नको असं होतं. बार्व्हवर त्यातलं काही नाही. नुसते सपाट पत्रे. म्हणून लोकांना ती सोपी वाटते. माझं मत उलट आहे. एम३२चं एखादं माप चुकलं तर वरच्या पसाऱ्यात खपून जातं. बार्व्हचा एक पत्रा दोन अंशांनी कलला तरी गाडी ओळखू येत नाही.

आता मापांबद्दल, कारण मागे दोघातिघांनी तेच विचारलं होतं. फोटोवरून मोजायचं तर गाडीवरचीच पट्टी वापरायची. शर्मनच्या रोडव्हीलचा व्यास २० इंच, म्हणजे आपल्या प्रमाणात साडेचौदा मिलिमीटर. ट्रॅकच्या दोन पिनांमधलं अंतर ६ इंच, म्हणजे जेमतेम ४.३५ मिमी. बाजूने घेतलेल्या फोटोत चाक आणि ट्रॅक दोन्ही मोजून बघा. दोघांचं उत्तर जुळलं तरच तो फोटो कामाचा, नाहीतर कॅमेरा तिरका आहे असं समजा. आणि ही पट्टी फक्त चाकांच्या पातळीतच खरी असते. डोलाऱ्याचे पत्रे आत कललेले असतात, म्हणजे वर जाल तसे कॅमेऱ्यापासून लांब जातात, त्यामुळे फोटोत ते आहेत त्यापेक्षा बुटके वाटतात. इथे समोरून घेतलेला फोटो घेऊन हलच्या रुंदीवरून (२.६२ मीटर, आपल्याकडे ७५ मिमी) पडताळा घ्यावा लागतो. बाजूला उभ्या असलेल्या सैनिकावरून उंची काढण्याच्या फंदात पडू नका. हेल्मेट, बूट, वाळूत रुतलेले पाय, त्या मापाला काही अर्थ नाही.

पत्र्यांचे नमुने आधी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापले. यासारखा पुठ्ठा विकत मिळत नाही: ताठ, एकसारख्या जाडीचा, घडी स्वच्छ पडते, आणि घरात कधी संपत नाही. मास्किंग टेपने हलवर जोडून, चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून मूळ फोटोंशेजारी ठेवले. कोन जुळल्यावरच स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटला हात लावला. शीट एक मिलिमीटरचं. आतून कोपऱ्याकोपऱ्यांत चौकोनी पट्ट्यांचा आधार दिला, कारण पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचं द्रावण) सुकताना लांब सांधे आत खेचले जातात आणि पत्रा पोटात जातो. वरच्या उघड्या तोंडाशी मात्र कड तासून पातळ केली. जाडी डोळ्यांना दिसते ती एवढ्या एकाच जागी.

वेल्डच्या रेघा ताणलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या काडीच्या). मेणबत्तीवर स्प्रू ओढून तार करायची, सांध्यावर चिकटवायची, वरून सिमेंट फिरवून मऊ करायची आणि बोथट सुरीने जवळजवळ दाबत जायचं. ओळ फार सुबक आली तर थोडी बिघडवा. हे युद्धकाळातलं वर्कशॉपचं वेल्डिंग होतं.

एम४ए२च का घेतला, हे एकदा लक्षात आलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. एक तर वेल्ड केलेला हल पाण्यापासून बंदिस्त करायला सोपा जाईल असा विचार होता. दुसरं म्हणजे डिझेल. जनरल मोटर्सची सहा सिलिंडरची दोन इंजिनं जोडून केलेलं हे यंत्र; तापलेली गाडी पुन्हापुन्हा थंड समुद्रात शिरली तरी तापमानातला असा झटका ते पेट्रोल इंजिनापेक्षा चांगलं सोसेल असा हिशोब. म्हणून एम४ए१ या दुसऱ्या शर्मनचा ओतीव, गोलसर हल इथे चालत नाही. एम४ए४चा किट कपाटात पडलेला असेल तरी मोह आवरा. ब्रिटिशांकडे ते रणगाडे भरपूर होते हे खरं, पण तो हल लांब, बोगींमधलं (चाकांच्या जोड्यांमधलं) अंतर जास्त, आणि ट्रॅकला एका बाजूला ७९च्या जागी ८३ कड्या.

माझ्या टेबलावर सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेलं हत्यार म्हणजे ७८ मिलिमीटरवर खूण केलेली एक उभी काडी. नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर, भागिले पस्तीस. गंमत अशी की साध्या शर्मनची एकूण उंचीही तेवढीच आहे, म्हणजे इतर रणगाडा जिथे टरेटच्या छपरापर्यंत बुडाला असता तिथे ही गाडी काम करते. काडी मॉडेलशेजारी उभी करायची आणि खुणेच्या खाली येणारं प्रत्येक भोक, झाकण, जाळी बघायची: यातून पाणी आत जाईल का? जात असेल तर ते बंद असलं पाहिजे, किंवा पत्र्याखाली गेलं पाहिजे. हवा घ्यायची आणि धूर सोडायचा तो खुणेच्या वर. किटच्या सूचनापत्रकात हे कुणी सांगत नाही, कारण तिथे रणगाडा करायचा असतो. इंटरनेटवर मॉडेलं बघताना मी आता रंगकाम बघतच नाही, आधी मनातल्या मनात गाडी पाण्यात घालतो. फार सुंदर रंगवलेली कित्येक मॉडेलं पहिल्या लाटेलाच बुडतात.

चालक तर खोल पाण्यात खुणेच्या पुष्कळ खाली बसलेला. त्याला समोर फक्त अंधार. वर उभा असलेला माणूस सांगेल तसं वळायचं. म्हणून वरच्या तोंडाशी एक माणूस ठेवणारच आहे, तो नसेल तर गाडी आंधळी.

नाकावरचा लाकडी ठोकळा हा या गाडीचा एकमेव शृंगार. लँडिंग क्राफ्टला ढकलताना लोखंडाने त्याचं अंग चेपू नये म्हणून हे लाकूड. प्लॅस्टिकवर रेषा ओढून लाकूड दाखवण्यापेक्षा खरं लाकूड वापरलं, पण बाल्सा हे हलकं, मऊ लाकूड नको, त्याचे धागे या प्रमाणात दोरखंडाएवढे दिसतात. हळदूचा तुकडा मिळाला. घट्ट, बारीक रेषेचा, कोपरे धरून ठेवणारा. कडा थोड्या ठेचल्या, कारण ढकलणाऱ्या लाकडाची कड शाबूत राहत नाही.

साखळीसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी पालथी घातली. तिथे सगळ्या साखळ्या खऱ्या कामाच्या, म्हणजे आपल्यासाठी अगडबंब. शेवटी तुळशीबागेत इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात काम झालं. दुकानदार बाईंनी विचारलं, "काका, मंगळसूत्राला हवीय का पैंजणाला?" रणगाड्याला, म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या हातातल्या व्हर्नियर कॅलिपरकडे बघितलं आणि अख्खा डबा पुढे सरकवला. तीन मिलिमीटरची लांबट कडी घेतली. खऱ्यात ती चार इंचांची होते, ओढायच्या साखळीला शोभेलशी. गोल कडीची, पीळ दिलेली किंवा चपटी ठोकलेली साखळी घेऊ नका, ती कितीही काळी केली तरी गळ्यातलीच दिसते. मुलामा पॉलिश पेपरने घासून मेटल प्रायमर मारला. एवढी हलकी साखळी वजनाने लोंबत नाही, म्हणून फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भिजवली आणि हवा तसा झोल देऊन सुकवली.

रंगाचं अजून बाकी आहे. अमेरिकेतून आलेले शर्मन त्यांच्या ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या रंगात आले; ब्रिटिशांनी एप्रिल १९४४ पासून स्वतःचा एससीसी १५ हा रंग आणला, तो जरा हिरवट. हल अमेरिकेचा आणि डोलारा इंग्लंडमध्ये चढवलेला, तेव्हा दोन्हींत किंचित फरक ठेवायचा असा माझा तर्क आहे. किंचितच, दुरून दिसता कामा नये. पावसाळी हवेत लॅकर पांढरं पडतं, त्यामुळे उघडीप मिळाल्याशिवाय एअरब्रश काढणार नाही.

गंजाबद्दल हात आखडता. मूळ गाड्या मोहिमेत उतरल्या तेव्हा नुकत्याच तयार झालेल्या होत्या. तांबडे ओघळ कशाला? त्यापेक्षा मीठ. हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या ओढणारे ट्रॅक्टर नीट बघा: उघड्या पत्र्यावरचं मीठ पुसलं जातं, खोबणीत आणि बोल्टांभोवती पांढरट कडा राहते, आणि घासल्या जाणाऱ्या जागा चकचकीत असतात.

बेससाठी रेझिनचं पाणी करणार नाही. बोगी बुडवण्यासाठी एवढी मेहनत घेतली नव्हती. ओहोटीची ओली वाळू दाखवायची, पण खरी वाळू चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीसपट केला की सतरा मिलिमीटरची खडी होते. पांढरी रांगोळी मलमलीतून चाळून बघितली, पोत झकास आला.

माझ्याकडे ७५ मिमी तोफेसकट एक कोरं टरेट शिल्लक आहे. कुणाकडे ब्रिटिश क्रूची जास्तीची आकृती असेल, कमरेपासून वर असली तरी चालेल, तर अदलाबदल करू.