पडलेला उंदीर हातानं उचलायचा नाही

श्रावणातली गोष्ट. दोन दिवस झड लागली होती. बेळगावच्या रविवार पेठेत, आमच्या धान्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गोडाऊनमधली थप्पी हलवून घ्यावी म्हटलं. तळाची सोनामसुरीची पोती ओढली तसा आतून हमाल ओरडला, "सावकार्रे, इली सत्तैत्री!" उंदीर मेलाय. मी आत जाईपर्यंत नवीनच कामाला लागलेल्या पोरानं तो शेपटीला धरून उचललाही होता.

माझ्या तोंडून आजीचंच वाक्य निघालं, "हात लावू नको रे बा त्याला!"

पोरगं दचकलं, उंदीर खाली पडला. मग मी लहानपणापासून बघितलेलं सगळं क्रमानं केलं. दुरूनच रॉकेल ओतलं, थोडा वेळ थांबलो, चिमट्यानं उचलून बाहेर नेला आणि जाळला. पोराला साबणानं दोनदा हात धुवायला लावले. आमच्या घरात हे देवपूजेइतकं ठरलेलं आहे. उंदीर पिंजऱ्यात सापडला तर कुणी एवढं मनावर घ्यायचं नाही; पण आपणहून मरून पडलेला दिसला की आजी चुलीपुढनं उठून यायची. म्हणायची, "उंदीर मेलाय, खरं त्याच्या अंगावरचं मेलं नाही."

या एका वाक्यात प्लेगचं अर्धं शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं.

उंदीर मरून गार पडायला लागला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. आधी दुसरा उंदीर. घरातले उंदीर संपत आले की माणूस. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननळीत वाढून वाट बुजवतात. मग रक्त पोटात उतरत नाही, तिची भूक भागत नाही, ती पुन्हापुन्हा चावत सुटते आणि दर चाव्याला जंतू आत सोडते. पिसू जास्त करून पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. काखेत आणि गळ्यालाही येते.

हा जंतू अलेक्झांडर येर्सिननं हाँगकाँगला शोधला १८९४ मध्ये. पण तो उंदरातून माणसात कसा येतो ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्यानं एका मोठ्या बरणीत ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसूला उडी मारता येईल एवढं अंतर. खालचा मेला. काही दिवसांनी वरचाही मेला, अंगात प्लेगचे जंतू. एवढं करूनही त्याचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मानलं नाही. हे वाचलं तेव्हा मला त्या डॉक्टरबद्दल वाईट वाटलं आणि आजीबद्दल अभिमान वाटला. शाळेचं तोंड न बघितलेली माझी आजी रॉकेल ओतून आधी पिसवा मारत होती, मग उंदराला हात घालत होती.

आमच्या धंद्याचा आणि या रोगाचा संबंध तर मला रात्री झोपू देत नाही. मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत. ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस मूळचे आपल्या गोव्याचे. आणि मांडवी म्हणजे काय? गोदीला लागून असलेली धान्याची वखारच. पोत्यांच्या राशी आणि त्यात पोसलेले उंदीर. साथ पसरली ती पळून जाणाऱ्या माणसांबरोबर, तशीच पोत्यांबरोबरही. धान्यात दडलेला उंदीर, नाहीतर नुसती पिसू, पोत्यातनं पन्नास-शंभर कोस जायची. आपल्याकडं तेव्हा सदर्न मराठा रेल्वे होती, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, व्यापार सगळा त्याच वाटेनं. म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी भुसारी, परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची नळी, घालून माल तपासून, भाव करून, पोती उतरवून घेत असणार. त्याला काय ठाऊक आत काय आलंय. आजही थप्पीखालून घाण वास आला की माझ्या मनात पहिल्यांदा तोच माणूस येतो.

हिंदुस्थानात या साथीनं पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. हा आकडा मला पेलत नाही. मला एकच मुलगी पेलते.

आजीची थोरली बहीण. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. पावसाळा सरता सरता आढ्यावरनं उंदीर पडायला लागले. पडायचे, झिंगल्यासारखे गरगर फिरायचे आणि मरायचे. असा एक उंदीर पडला की शेजारपाजार सगळा सामान बांधायला लागायचा. राजहंसगडाच्या अंगाला आमचा मळा आहे, तिथं गवताचं खोपट घातलं. भांडी, आंबिलीचं मडकं, म्हस, कोंबड्या, सगळी तिकडं. गावातल्या घरांची कौलं काढून ऊन आत सोडायचे. कडक ऊन लागायला लागलं की साथ ओसरायची, तोवर रानातच मुक्काम.

बहीण मागं राहिलेली वैरण आणायला एकदा घरात गेली होती, एवढंच आजीला आठवायचं. चार दिवसांनी ती बांधावरनं लंगडत येताना दिसली. आईनं विचारलं तर म्हणाली, काटा मोडलाय. काटा नव्हता. जांघेत लिंबाएवढी गाठ होती आणि अंग तव्यासारखं तापलेलं. तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हा औषध नव्हतं; उपचार न झालेल्या गाठीच्या प्लेगात शंभरातले तीस ते साठ जण जातात, आणि तो फुप्फुसात उतरला तर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

आम्ही पोरं खेळून जरा पाय ओढत घरी आलो की आजी हातातलं काम टाकायची. "लंगडत का चालूल्यास?" असं विचारून सरळ जांघेत हात घालून चाचपायची. चारचौघांत लाज वाटायची, मी तिचा हात झिडकारायचो. आज वाटतं, तेवढं तरी झिडकारायला नको होतं.

लस होती. हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईत १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली; १८९८ मध्ये शेजारच्या हुबळीत ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. (आपल्या टिळकवाडीतला व्हॅक्सीन डेपो मात्र देवीच्या लशीचा, प्लेगच्या नव्हे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा यात नेहमी गोंधळ होतो.) पण लोक सरकारच्या माणसाला बघून दार लावून घ्यायचे, याचं मला नवल वाटत नाही. पुण्यात रँडच्या हुकुमानं सोल्जर माजघरापर्यंत शिरले, बायाबापड्यांची तपासणी केली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती कुठल्या संतापातून हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. रोगापेक्षा तपासणीची धास्ती मोठी झाली की माणसं आजारी माणूस लपवतात, आणि लपवलेल्या माणसाच्या घरात पिसवा मोकळ्याच असतात.

त्याच पुण्यात, त्याच्या तीन महिने आधी, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचल्या. पोरगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगनं गेल्या. एकीकडं बंदुकीचा दस्ता आणि एकीकडं ही पाठ. साथीत माणसाला कसं हाताळायचं, हे मी या पाठीवरनं ठरवतो.

१९९४ साली आजी ऐंशीची होती. सप्टेंबरात टीव्हीवर सुरतेची बातमी आली; त्याच्या आधी बीडमधल्या मामला गावाची. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, हादऱ्यांच्या भीतीनं लोक बाहेर निजत होते, बंद घरांत धान्य पडून राहिलं आणि उंदीर माजले. लाखो माणसं सुरत सोडून निघाली होती. आजीनं एकच विचारलं, "आपल्याकडं उंदीर पडूल्यात काय?" आम्ही नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. सकाळी बघतो तर तिनं दोन लुगडी, तांब्या आणि पसाभर तांदळाचं गठुळं बांधून उंबऱ्यावर ठेवलेलं. मळ्यातलं खोपट कधीच मोडलं होतं. तिला ते सांगायला कुणाची जीभ रेटेना. वडिलांनी तिला गोडाऊनला नेलं, सगळी थप्पी हलवून दाखवली, कोपरे दाखवले. मग ती घरी आली आणि गठुळं सोडलं.

आता औषधं आहेत. स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सीसायक्लीन वेळेत मिळालं तर बहुतेक माणूस वाचतो. जंतू मात्र जगातनं गेलेला नाही. मादागास्करमध्ये २०१७ ला मोठी साथ आली होती. आणि मरून पडलेलं जनावर आधी खबर देतं, हे प्लेगापुरतंच नाही. पलीकडं दोडामार्गात २०१६ साली माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ काजूच्या बागांतली माणसं माकडतापानं आजारी पडली. तिथं पिसवेच्या जागी गोचीड.

त्या दिवशी गोडाऊनमध्ये ते पोरगं गप्प बसून होतं. मी त्याला आजीचं सगळं सांगितलं, हमालही पोत्यांवर बसून ऐकत होते. त्यातला सगळ्यात म्हातारा, धारवाडकडचा, मधेच म्हणाला की त्याची आज्जीही म्हणायची, "इली बिद्र ऊर बिडु." उंदीर पडले की गाव सोड. पोरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आमच्याकडं तेच मराठीत म्हणायचे.

दुपारी पाऊस उघडला तशी उरलेली थप्पी हलवायला घेतली. चिमटा दाराजवळच्या खिळ्याला टांगला, पोराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.