पोस्टर खरं कसं ओळखायचं, दुर्मीळ कशाला म्हणायचं

"ताई, हे ओरिजिनल आहे का? आणि किती दुर्मीळ आहे?" हे दोन प्रश्न मला बहुतेक एका दमात विचारले जातात. कोणाला माळा आवरताना ट्रंकेत पोस्टर सापडलेलं असतं, कोणी धरमपेठेत कॅफे काढतं आणि त्याच्या भिंतीला जुना सिनेमा हवा असतो, कोणाच्या आजोबांनी टॉकीजमध्ये नोकरी केलेली असते. जुन्या सिनेमांच्या जाहिरातीचे कागद मी जमवते. पोस्टरं, लॉबी कार्डं (टॉकीजच्या दर्शनी काचेमागे लावायची सिनेमातली चित्रं), गाण्यांच्या चोपड्या, हँडबिलं, सगळंच. नागपुरात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. फोनवर दर वेळी अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

हे दोन प्रश्न एक नाहीत. कागद शंभर टक्के खरा असून गल्लोगल्ली मिळणारा असू शकतो. आणि खऱ्या-खोट्याचंही एका शब्दात उत्तर देता येत नाही. एखाद्या सिनेमाचं पोस्टर तो पहिल्यांदा लागला तेव्हा छापलेलं असेल. तोच सिनेमा दहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हाचं असेल. शोभेसाठी आज छापलेली उघड प्रत असेल. किंवा तीच प्रत चहाच्या पाण्यात बुडवून जुनी म्हणून विकलेली असेल. यातला फक्त शेवटचा प्रकार खोटेपणाचा. पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरला लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. ते पोस्टर टॉकीजच्या भिंतीवर राबलेलं आहे. कित्येकांनी गाजलेले सिनेमे पाहिले ते पुढच्या फेऱ्यांत, मॅटिनीला. मात्र पहिल्या प्रदर्शनाचं म्हणून त्याचे पैसे कोणी मागत असेल तर हरकत घ्यायलाच हवी. ओळखायची एक सोपी खूण सांगते. जो नट त्या सिनेमात दुय्यम भूमिकेत होता आणि नंतर मोठा झाला, त्याचाच चेहरा पोस्टरवर सगळ्यांत मोठा असेल, तर ते पोस्टर बहुधा तो मोठा झाल्यानंतरचं.

तपासायला बसताना मी आधी चित्राकडे बघतच नाही, कागद उलटा करते. मागची बाजू नकली करायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वितरकाकडून टॉकीजकडे पोस्टरं घड्या घालून जायची, एका गावचा मुक्काम संपला की उरलेली पुढच्या गावाला. आपल्याकडे हा सगळा भाग सीपी-बेरार (मध्यप्रांत-वऱ्हाड) सर्किट, म्हणजे सिनेमा वितरणाचा विभाग, म्हणून ओळखला जायचा. वितरकांची ऑफिसं अमरावती, भुसावळकडे, आणि तिथून माल नागपूर, वर्धा, गोंदिया, चांदा (आजचं चंद्रपूर) असा फिरायचा. म्हणून मागे कधी पेन्सिलीनं गावाचं नाव असतं, कधी टॉकीजचा शिक्का, कधी वाळलेली खळ. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं असतात. अशा खुणांमुळे पोस्टर खराब झालं म्हणून लोक हळहळतात. मला त्या दिसल्या की बरं वाटतं.

घड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण फसवणूक इथेच पकडली जाते. नकली पोस्टर बहुतेक वेळा खऱ्या पोस्टरच्या स्कॅनवरून छापतात. मग मूळ पोस्टरच्या घड्या, त्यांच्या पांढुरक्या रेघा, फाटलेला कोपरा हे सगळं चित्रात उतरतं. डोळ्यांना घडी दिसते, पण बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो. खऱ्या घडीत कागदाचे तंतू मोडलेले असतात, शाई उडालेली असते, आणि ती घडी मागूनही दिसते. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या पोस्टरचा बाहेरचा चौकोन आतल्या चौकोनांपेक्षा काळवंडतो, कारण हवा-उजेड त्यालाच लागतो. कडाही आधी पिवळ्या पडतात. चहाचा रंग असा हिशेबानं चढत नाही. तो सगळीकडे सारखा पसरतो, नाहीतर कुठेही डाग धरतो.

त्यानंतर भिंग. इतवारीच्या सराफ्यात दागिने पारखायला वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग पुरेसं आहे. ऑफसेटवर छापलेल्या चित्रात चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसून बारीक फुलासारखी नक्षी करतात. त्याआधीच्या लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, पोस्टरांत ही नक्षी नसते. प्रत्येक रंगासाठी चित्र हातानं उतरवलेलं असायचं, त्यामुळे खडू ओढल्यासारखा अनियमित दाणा दिसतो, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे एखादा किंचित सरकलेला असतो. आजच्या इंकजेट प्रिंटमध्ये अगदी बारीक तुषार दिसतात, शिस्त नसलेले. सगळ्यांत बोलकी असतात ती अक्षरं. खाली बारीक टायपात छापखान्याचं नाव असतं, ते भिंगाखाली धरा. मूळ छपाईत काळं अक्षर एकसंध काळ्या शाईचं असतं, त्याची कड स्वच्छ असते. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत तेच अक्षर रंगीत ठिपक्यांत फुटलेलं दिसतं. जुनं लिथो म्हणून विकायला आणलेल्या पोस्टरच्या अक्षरांत रंगीत ठिपके दिसले की पुढची चर्चा मी करत नाही.

माप घ्यायला विसरू नका. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं. शोभेच्या प्रती बहुतेक २४ बाय ३६ किंवा ए-थ्री, ए-टू अशा मापांत येतात. शिवाय नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो अंधारात कागदावर धरा. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. त्यामुळे चाळीसच्या दशकातला म्हणून दिलेला कागद निळसर पांढरा उजळला, तर तो त्या काळातला नाही. उलटं मात्र धरू नका. कागद उजळला नाही एवढ्यावरून तो जुना ठरत नाही.

काळ ठरवण्याचं काम मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात आपला इतिहास हाती लागतो. गाण्यांच्या चोपडीवर किंमत आण्यांत असेल तर ती साधारण १९५७ च्या आधीची, कारण दशमान नाणी त्या वर्षी १ एप्रिलला आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे छापले असतील तर १९५७ ते १९६४ मधली, कारण १९६४ च्या जूनमध्ये 'नया' हा शब्द गळाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पोस्टरवर 'यूए' असं प्रमाणपत्र दिसलं तर ते १९८३ नंतर छापलंय, मग सिनेमा कितीही जुना असो. आपल्या नागपूरचा पत्ता तर स्वतःच साक्ष देतो. 'सी. पी.' किंवा 'मध्यप्रांत' असेल तर १९५० च्या आधीचं. नागपूर आणि पुढे 'मध्यप्रदेश' असेल तर १९५० ते १९५६, जेव्हा हे शहर त्या राज्याची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पत्ता बदलला. मराठी मजकुरात 'येथें', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतील तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची शक्यता जास्त, पण इथे जपून. काही छापखान्यांनी जुनी सवय नंतरही सोडली नव्हती.

हँडबिलावर वर्ष क्वचितच असतं, वार आणि तारीख मात्र असते. तेवढ्यावरही काम होतं. 'शुक्रवार, १५ ऑगस्ट' असं छापलं असेल तर स्वातंत्र्यापासूनच्या तीस वर्षांत ते १९४७, १९५२, १९५८, १९६९ किंवा १९७५ यांपैकी एखादं वर्ष. सिनेमा कधीचा ते माहीत असलं की आधीची वर्षं गळतात, किंमत आणि पत्ता बघून आणखी गळतात, आणि बहुधा एकच उरतं. गाण्यांच्या चोपडीतला तपशील पडताळायचा असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी केलेले हिंदी चित्रपटगीतांचे कोश हाताशी ठेवावेत.

आता दुर्मीळपणा. जुनं म्हणजे दुर्मीळ हा समज इतका पक्का आहे की तो मोडताना समोरच्याचा चेहरा उतरतो. मी वेगळं विचारते. किती प्रती छापल्या असतील? त्या कोणत्या कामाला गेल्या? आणि एखादी जपून ठेवावी असं तेव्हा कोणाला का वाटलं असेल? प्रचंड गाजलेल्या सिनेमाची पोस्टरं अमाप छापली गेली, पुन्हा पुन्हा छापली गेली, आणि लोकांनी हौसेनं जपलीही. ती महाग असतात, कारण ती हवी असणारे पुष्कळ असतात. दुर्मीळ असतातच असं नाही. आठवडाभरात उतरलेल्या सिनेमाचं पोस्टर खरोखर एखाददुसरंच उरलेलं असेल, पण त्याला गिऱ्हाईक नसतं. बाजारातला भाव आणि दुर्मीळपणा यांचं नातं एवढं सैल आहे. विकत घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानंही आपण यातलं काय मोजतोय ते आधी ठरवावं.

चोपडी पैसे देऊन घेतलेली असायची, त्यात गाणी असायची, म्हणून ती घरात टिकली. लॉबी कार्डं टॉकीजच्या काचेमागे असायची, काम संपल्यावर परत जायची, त्यामुळे काही वाचली. भिंतीवर खळीनं चिकटवलेलं पोस्टर पावसानं, नाहीतर त्यावर डकवलेल्या पुढच्या पोस्टरनं संपवलं. मूकपटांच्या काळातलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं आहे. बाबुराव पेंटर यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तोवर हे सरकारी पातळीवर सांभाळावं असं कोणाला वाटलं नव्हतं, आणि मधली पन्नास वर्षं रद्दीत गेली.

माझ्या मते सगळ्यांत दुर्मीळ आहेत ती आपल्या शहराची हँडबिलं. गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर गावातल्याच छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेली, गर्दीत फुकट वाटलेली. ती जपायचं कोणालाच कारण नव्हतं. हातात घेतलं की मागच्या बाजूला खिळ्यांचा दाब बोटाला लागतो, झेरॉक्समध्ये तो नसतो. बाजारात त्याला जवळपास काही मिळत नाही. पण मुंबईत छापलेल्या पोस्टरवर जे कधीच नसतं ते त्यात असतं. कोणती टॉकीज, रोज किती खेळ, तिकिटाचे दर, स्त्रियांसाठी बसायची वेगळी सोय. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं आपण रोज ऑटोवाल्याला सांगतो. ज्या टॉकीजवरून ती पडली तिथे अमुक शुक्रवारी काय लागलं होतं, हे सांगणारा कागद हाच.

घरात असं काही असेल तर एक कळकळीची विनंती. लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही, कागद आत पिवळा पडतच राहतो आणि मागची बाजू तपासताही येत नाही. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, तिचा गोंद तपकिरी डाग सोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कागद कोरडा पडून घडीवर तुटतो. म्हणून सारखी उघडझाप टाळा. आणि ज्या खोलीत कूलर चालतो तिथे हे कागद अजिबात ठेवू नका, ती ओली हवा बुरशीला निमंत्रण देते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आडवं, भिंतीपासून दूर ठेवा. वाळवी भिंतीतूनच येते.

आणि नागपूर, कामठी, वर्धा, उमरेड, कुठल्याही टॉकीजचं हँडबिल निघालं तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला कळवा. फाटकं चालेल, नटाचं चित्र नसलेलं चालेल, मागे कोणी दुधाचा हिशेब लिहिलेला असेल तरी चालेल. द्यायचं नसेल तर दोन्ही बाजू स्कॅन करून कागद तुमचा तुम्हाला परत करीन.