“टाका मारताना डोळे मिटतो की!”

गेटला वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी पट्टी जोडणारा पोरगा आज सहज बोलून गेला. डोळ्यांवर गॉगल, तोही उन्हातला.

पापणी मिटेपर्यंत आर्क, म्हणजे वेल्डिंगचा विजेचा झोत, पेटलेला असतो. अतिनील किरणांचा मार लगेच कळतही नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं.

२.५ मिमी रॉड, ७०-८० अँपिअर, एवढ्या कामाला १० नंबरची काळी काच हवी. आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं ऑटो-डार्क हेल्मेट टाक्यांच्या कामाला उत्तमच. दर टाक्याला वर-खाली करायला नको, आणि चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. फक्त आर्कचा उजेड ओळखणाऱ्या सेन्सरपुढे पाइप आडवा आला, तर ती काळी होत नाही. कोपऱ्यात वाकून काम करताना हे हमखास होतं.

आणि पट्टी धरून उभ्या हेल्परला काच कोण देणार?