शेजारीण

"अरे, त्या तारेचं काही चुकलेलं नाही. तिच्या शेजारणीला बघ." मागे उभं राहून सिनियर एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

चिपच्या डिझाइनमध्ये दोन दिवस मी एकाच नेटच्या, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या एका तारेच्या, मागे लागलो होतो. सेटअप फेल, म्हणजे सिग्नल वेळेत पोचतच नव्हता. तारेत सिग्नल ढकलणारा ड्रायव्हर मोठा केला, मधे सिग्नलला पुन्हा जोर देणारा बफर टाकला, तरी स्लॅक (हाताशी उरलेला वेळ) उणे तो उणेच. झूम केलं तेव्हा दिसलं: त्याच मेटल लेयरवर, दोन्ही बाजूंनी बसच्या (एकत्र जाणाऱ्या सिग्नलांच्या जुडग्याच्या) तारा खेटून, किमान अंतर राखून लांबच लांब चाललेल्या. डीआरसी, म्हणजे अंतराबिंतराचे नियम तपासणारी चाचणी, मात्र एकदम क्लीन!

या तारा रुंदीपेक्षा उंचीलाच जास्त असतात. म्हणजे भिंतीला भिंत, आणि मधे भलंमोठं कपॅसिटन्स, सिग्नलला रेटावं लागणारं ओझं. शेजारीण नेमकी त्याच क्षणी उलट दिशेने स्विच झाली (ही शून्यावरून एकवर, ती एकवरून शून्यावर) की ते दुप्पट भासतं. दोघी एकाच दिशेने, एकदम गेल्या तर जवळजवळ शून्य. तार तीच, अंतरही तेच.

मग जागा होती तिथे अंतर दुप्पट केलं. नव्हती तिथे मधे ग्राउंडची तार घातली, काही भाग वरच्या लेयरवर नेला. स्लॅक प्लसमध्ये!

सगळं झाल्यावर सहज दुसऱ्या एका नेटचा नॉइज रिपोर्ट उघडला. अ‍ॅग्रेसरच्या, म्हणजे शेजारणीला त्रास देणाऱ्या तारेच्या, रकान्यात माझीच तार. परवा हौसेने मोठा केलेला तो ड्रायव्हर!

तो गुपचूप परत लहान केलाय. सिनियरला सांगू का?