अण्णांची वीस कलमं

आमचे अण्णा चित्रकलेचे मास्तर. १९७५च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ओगलेवाडीहून सायकल हाणत रोज मांडवात हजर. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे खुद्द केंद्रातले मंत्री. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि, अण्णांच्या शब्दांत, 'अख्खा मांडव उठला'. अण्णाही उठले. ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली की मीच तिथे होते असं वाटतं. (मी आठ वर्षांची, घरी गोवराने पडलेली.)

दुसरी गोष्ट मात्र कधी निघायची नाही. महिन्याभरातच अण्णांनी शाळेच्या भिंतीवर वीसकलमी कार्यक्रम, म्हणजे आणीबाणीतला इंदिरा गांधींचा सरकारी जाहीरनामा, रंगवला. निळा ऑइलपेंट, शिरोरेघ सुतात. कोणी दमदाटी केली नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." झालं.

कॉलेजात मी त्यांना तोंडावर दुटप्पी म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत, ब्रश धूत बसले.

पुढे मी मानसशास्त्र शिकवू लागले आणि रॉबर्ट केगन वाचला. हार्वर्डमधला हा माणूस १९८२ पासून सांगतोय की मनाची वाढ विशीत थांबत नाही. वाढ म्हणजे काय, तर आजवर ज्यात आपण बुडालेलो होतो ते बाहेर काढून हातात धरून बघता येणं. एका टप्प्यावर मन आपल्या माणसांच्या अपेक्षांनी बनलेलं असतं. त्या अपेक्षा आपल्याला 'असतात' असं नाही, आपण त्याच असतो. पुष्कळ प्रौढ माणसं इथेच असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. संसार, शाळा, वारी याच मनावर चालतात. पुढच्या टप्प्यावर माणूस स्वतःची मोजपट्टी स्वतः आखतो.

तेव्हा लख्ख दिसलं. मांडवात सगळे उठले म्हणून अण्णा उठले, शाळेत सगळे वाकले म्हणून वाकले. दोन्ही वेळा मनापासून. दुर्गाबाईंचं वेगळं: त्यांच्यापुढे आधी उठलेला मांडव नव्हता. त्यांना पुढे तुरुंगात जावं लागलं.

आता लोक विचारतात, मग इंदिराबाई कुठल्या टप्प्यावर होत्या? या प्रश्नाचा मला कंटाळा आहे. वर्तमानपत्र वाचून कोणाचा टप्पा ठरत नाही, आणि वरचा टप्पा म्हणजे सज्जनपणा नव्हे. स्वतःची मोजपट्टी आखलेला हुकूमशहाही असू शकतो. नेता लोकांकडून काय मागतो, हे मात्र बघता येतं. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष देवकांत बरुआ म्हणाले होते, 'इंदिरा इज इंडिया'. हातात धरून बघायला जेवढं अंतर लागतं, तेवढंच या तीन शब्दांनी पुसून टाकलं. देशावर प्रेम असलेल्या माणसाने बाईंना प्रश्न विचारायचा कुठल्या जागेवर उभं राहून?

म्हणूनच अशा नेत्याच्या पाठीराख्याला 'आंधळा' म्हटलं की तो अधिकच चिकटतो. आपण त्याचं मत खोडत नसतो, त्याला त्याच्या माणसांतून उपटत असतो. मी हे अण्णांवर करून पाहिलंय. आता वाद घालायच्या आधी विचारते, "हे तू घरी बोललास तर कोण दुखावेल?" बरेचदा खरं उत्तर तिथेच सापडतं. आणि जमेल तिथे दुसरा मांडव शोधते, चार माणसांचा का असेना, जिथे त्याला एकटं न पडता उठता येईल. भाषणापेक्षा हे हळू चालतं. माझ्यासारख्या फटकळ बाईला तर फारच हळू.

मार्च १९७७ मध्ये मतदान झालं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पडद्याआड ना मांडव होता, ना हेडमास्तर. आत बराच वेळ लावला, असं आई सांगायची. शिक्का कुठे मारला ते त्यांनी तिलाही कधी सांगितलं नाही.