आधी कीर्द, मग खतावणी

सोलापूरच्या चाटी गल्लीतील आमच्या टॉवेल-चादरींच्या दुकानात वडिलांच्या काळी जे दिवाणजी होते, त्यांचा एक नियम कधी मोडला नाही: व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, लिहायचा, मगच खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, चढवायचा. मध्येच उठावे लागले, तर खतावणी अर्धवट राहते. पण कीर्द हाताशी असली की ती केव्हाही पुरी करता येते, असे ते म्हणत. दुकानात संगणक आल्यावर हा नियम इतिहासजमा झाला असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो संगणकाच्या आत जाऊन बसला आहे, हे मला एका बिलामुळे कळले.

बारा चादरींचे बिल सेव्ह करताना नेमकी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरीही बसलेली निघाली. दिसायला ते एक बिल असले, तरी त्यात साठ्यातून बारा नग वजा होणे, गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम नावे पडणे आणि जीएसटीची नोंद होणे अशी किमान तीन कामे असतात. त्यांतले एकच होऊन बाकीची राहिली असती, तर माल गेला आणि उधारी मात्र कुठेच नाही, असा घोळ झाला असता. तसे झाले नाही. बिलाच्या नोंदी सांभाळणारी संगणकातली यंत्रणा, म्हणजे डेटाबेस, प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कीर्दीत, लिहितो आणि सगळी कामे झाल्यावरच तिथे ‘कमिट’ची, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची, खूण करतो. वीज आल्यावर त्याने लॉग वाचला, आमच्या बिलापुढे ती खूण सापडली नाही, म्हणून जे काही झाले होते ते त्याने उलटवले. साठा पूर्ववत दिसला. बिलाचा एक क्रमांक तेवढा वाया गेला, आणि त्याचा खुलासा सीएंना द्यावा लागला.

डेटाबेसमधील व्यवहारांच्या या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळाला. शेवटचा नग दोन काउंटरवर एकाच वेळी विकला जाऊ नये म्हणून त्या नोंदीला क्षणभर कुलूप लावण्याची युक्तीही याच शास्त्रातली.

खरी अडचण होते ती व्यवहार दोन बँकांत विभागला जातो तेव्हा. यूपीआयमध्ये एक बँक पैसे वजा करते, दुसरी जमा करते आणि मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा निरोप पोचवते. दोघींची कीर्द मात्र वेगवेगळी. परतीचा निरोप अडकला, की व्यवहार झाला असेही म्हणता येत नाही आणि फसला असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार, खात्यातून रक्कम कापली गेली पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत करावी लागते आणि त्यापुढे दर दिवशी शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. पाच दिवस गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फार आहेत, असे माझे मत आहे.

अक्कलकोटच्या एका बाईंचे साडेआठशे रुपये असेच कापले गेले आणि आमचा साउंडबॉक्स गप्पच राहिला. पुन्हा पैसे मागणे मला बरे वाटेना, म्हणून मी टॉवेल देऊन टाकले आणि रक्कम त्यांच्या नावे उधारीत लिहिली. तिसऱ्या दिवशी पैसे त्यांच्या खात्यात परत आले, त्यांनी ते लगेच पुन्हा पाठवले, आणि त्या संध्याकाळी मी ती उधारी जमा करून घेतली.