जे-बेसचा मेलेला सी शार्प

सापडला! माझ्या जे-बेसवर (जॅझ बेस, बेस गिटारचा एक प्रकार) सी शार्प हा एकच सूर लगेच मरतो, त्याचा रोग सापडला. बरा झालेला नाही, पण दुखणं कुठे आहे ते तरी कळलं. तीन आठवडे मी भलत्याच अवयवावर उपचार करत बसलो होतो.

मागच्या नोंदीत तीन बेसच्या आवाजाची तुलना करत इथवर आलो होतो: पी (प्रिसिजन बेस), जे आणि हंबकर जातीचे पिकअप (तारेचं कंपन टिपणारी चुंबकी गुंडाळी) असलेला, बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह, तिन्हींवर एकाच जातीच्या ४५-१०५ (जाडी इंचाच्या हजारांश भागांत) निकेल राउंडवाउंड तारा, ॲम्प नाही, इफेक्ट नाही, केबल थेट संगणकाच्या रेकॉर्डिंग इंटरफेसमध्ये. तिन्हींची पातळी सारखी करून घेतलेली. (नाहीतर जो मोठ्यानं वाजतो तोच ‘भरदार’ वाटतो. पहिल्या फेरीत असाच फसलो होतो.) तिन्हींवर तीच चार बारची ओळ, शेवटी जी तारेवर सहाव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरची, बेसच्या दांड्यावरची, आडवी धातूची पट्टी) सी शार्प धरून ठेवायचा.

पीचा सूर टिकतो, ॲक्टिव्हचा टिकतो. जेचा मरतो.

मेट्रोनोम ६० वर लावून मोजलं. पाचव्या फ्रेटचा सी आठ ठोके सहज टिकतो, सातव्याचा डी जवळपास तेवढाच. मधला सी शार्प दुसऱ्या ठोक्यालाच बसतो. तिसऱ्याला मूळ स्वर गायब, मागे उरतो फक्त वरच्या सप्तकाचा बारीक सूर. रेकॉर्डिंगमध्ये तर असं वाटतं की कुणीतरी हळूच तारेवर बोट ठेवलं.

पहिला संशय पिकअपवर. चुंबक तारेच्या फार जवळ असला की तार ओढली जाते आणि सूर डगमगतो, म्हणून दोन्ही पिकअप खाली घेतले. आवाज तेवढा बारीक झाला, सी शार्प तसाच. मग फ्रेट उंच असेल म्हणून फ्रेट रॉकर (फ्रेटची उंची तपासायची सरळ पट्टी) फिरवला, सगळे समपातळीत. ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) बघितला. आठव्या फ्रेटला ०.३ मिमी रिलीफ (नेकचा बाक), हवा तेवढाच. मग नव्या तारा मागवल्या, आणि तिथे वेगळंच नाटक. पाकिटावर ४५-१०५ छापलेलं, पण ई तार हाताला मऊ लागली. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावला तर २.६७ मिमीच्या जागी २.५४, म्हणजे १०० ची. पुरवठादाराचं म्हणणं, ‘वाजवताना फरक कळत नाही.’ मला कळला, हो! ज्याला बेसच्या तारा विकायच्या आहेत त्यानं असं बोलू नये. कॅलिपर मात्र या छंदातलं सर्वात कमी कौतुक झालेलं हत्यार आहे, हे माझं मत आता पक्कं.

त्यानंतर नवे पिकअप मागवणारच होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वाचवलं ते एका फुकटच्या प्रयोगानं. तोच सी शार्प, तोच १३८.६ हर्ट्झ, डी तारेवर अकराव्या फ्रेटला वाजवला. ठणठणीत! पिकअप तेच, सूर तोच, फक्त बोट पाच फ्रेट बॉडीकडे सरकलं. मग बेसचं डोकं (नेकचं खुंट्यांकडचं टोक) कपाटाच्या दाराला टेकवून पुन्हा जी तारेचा सहावा फ्रेट वाजवला. दार किंचित थरथरलं आणि सूर पाच ठोके टिकला.

जाणत्यांनी कधीच ओळखलं असेल, डेड स्पॉट. नेक ही शेवटी एक लांब फळीच. तिची स्वतःची हलण्याची एक वारंवारता असते. वाजवलेला स्वर तिच्याशी जुळला आणि बोट नेमकं जिथे नेक जास्त हलते तिथे असलं, की तारेची शक्ती फ्रेटमधून नेकमध्ये पळते. डी तारेच्या अकराव्या फ्रेटला नेक कमी हलते, म्हणून तिथे तोच सूर जगतो. बोल्ट-ऑन (स्क्रूनं जोडलेली) लाकडी नेक आणि लांब डोकं असलेल्या बेसवर ही खोड बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडते. स्टाइनबर्गरच्या हेडलेस (डोकं नसलेल्या) ग्रॅफाइट बेसचे सगळे सूर सारखे म्हणून लोक गुण गातात, ते उगाच नाही.

मग डोक्याला छोटा सी-क्लॅम्प लावला. वजन वाढलं की नेक आणखी हळू हलते, म्हणजे मेलेली जागा खालच्या फ्रेटकडे जायला हवी. गेलीच! चौथ्या आणि पाचव्याच्या मधोमध जाऊन बसली. बी आणि सी दोघंही किंचित थकलेले, पण मेलेलं कुणीच नाही. क्लॅम्प अर्धा इंच इकडेतिकडे सरकवत ती जागा दोन सुरांच्या फटीत ढकलायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मजा आली, खोटं कशाला बोलू. फक्त पट्टा गळ्यात घातल्याबरोबर डोकं जमिनीकडे. डाव्या हातानं वाजवायचं की नेक उचलून धरायची?

इथपर्यंत लिहिलं आणि डोक्यात आलं: दोष नेकचाच असेल तर नेक बदलून का बघू नये? पी आणि जे, दोन्हींच्या नेकची टाच एकाच मापाची, ती बसते ते बॉडीतलं पॉकेटही तेच. लिहिणं बाजूला ठेवून स्क्रू काढले. ज्यांनी अजून केलं नसेल त्यांच्यासाठी: स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. हाताला बारीक ‘टक्’ जाणवलं की तो जुन्या आट्यांत आला, मग आवळा. थेट आवळलात तर लाकडात नवे आटे पडतात आणि पकड जाते.

सी शार्प जे-नेकबरोबर पी-बॉडीवर गेला. थोडा सौम्य झाला, पण तोच. जे-बॉडीवर आता पी-नेक आहे, तिचा सातवा फ्रेट जरा बसका, बाकी सगळं सुरळीत. हाताची जाणीवही नेकबरोबरच गेली: जे-नेकची नट (डोक्याजवळची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ३८ मिमी रुंद, माझ्या पीची जवळपास ४२. पहिल्या पोझिशनला हे चार मिमी मनगटाला कळतात.

आवाज मात्र बॉडीवरच राहिला. १९५७ पासूनचा पीचा दोन तुकड्यांचा पिकअप नेक कुठलीही असो तसाच गुरगुरतो. जेच्या दोन्ही पिकअपचा आवाज पूर्ण उघडला की हम (विजेची गुणगुण) बंद होतो आणि मधला पट्टा खोल जातो. एकाचा आवाज जरा कमी केला की मधला पट्टा परत, हमही परत. कुठली क्लिप कुठल्या बेसची हे न सांगता बहिणीला सहा क्लिप ऐकवल्या. ब्रिजजवळच्या (बॉडीवर तारा अडकतात तिथल्या) पिकअपवरची आली तेव्हा म्हणाली, ‘दादा, हा नाकातून बोलतोय.’ सहापैकी पाच तिनं बॉडीप्रमाणे बरोबर लावल्या. पी-बॉडीची एकच जेच्या गटात टाकली.

तिचा कान चुकला म्हणून मोकळा होणार होतो, पण त्या रेकॉर्डिंगचा व्हिडिओ होता. माझा उजवा हात पिकअपवर अंगठा ठेवायचा सोडून चार बोटं मागे, ब्रिजकडे. अरुंद नेक डाव्या हातात आली आणि उजवा हात आपोआप जेच्या ब्रिज पिकअपच्या जागी जाऊन बसला. तिथे पिकअप नाही, तरी! म्हणजे मागच्या नोंदीतला ‘जेचा कडक ॲटॅक’ किती जेचा आणि किती माझ्या अंगठ्याचा, देव जाणे. त्या सगळ्या क्लिप बाद. पुढच्या फेरीत प्रत्येक बेसवर ब्रिजपासून १२ सेंमीवर कागदी टेप, तार तिथेच छेडायची, अंगठा हवेत.

ॲक्टिव्हचं यावेळी एवढंच, की रात्रभर केबल लावून ठेवल्यानं बॅटरी संपली. जॅक काढल्याशिवाय प्रीॲम्प (बेसमधलं बॅटरीवरचं सर्किट) झोपत नाही हे मला दर दोन महिन्यांनी नव्यानं कळतं.

फ्लॅट (गुळगुळीत) तारांची फेरी आता लांबणीवर. आधी जे-नेकला हिपशॉट कंपनीचे हलके ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) लावून बघणार. वजन घटलं की मेलेली जागा वर सरकेल, आणि भीती हीच की सातव्या फ्रेटच्या डीवर जाऊन बसेल. डी मला सी शार्पपेक्षा दहापट लागतो. कुणी लावले असतील तर जागा किती फ्रेट सरकली ते नक्की कळवा.

तोवर जे-नेक पी-बॉडीवरच आहे. डोक्याला क्लॅम्प, त्याच्याखाली वार्निशला ओरखडा पडू नये म्हणून जुन्या मोज्याचा तुकडा. दिसतं भयंकर. सी शार्प सहा ठोके टिकतो.